भारताचे हरितगृह वायू उत्सर्जन वाढते आहे की घटते आहे? एकाच वर्षाचे दोन आकडे का दिसतात?

कृष्णाकाठची शिक्षिका

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. यंदा अकरावीच्या मुलांनी ‘भारताच्या हरितगृह वायू उत्सर्जनाचा गेल्या तीस वर्षांतील कल’ हा विषय प्रकल्पासाठी निवडला असून महाविद्यालयाच्या व्हरांड्यातील एका मोठ्या भिंतीवर त्याचा आलेख रंगवायचा आहे. रंग एकदा भिंतीवर चढला की तो चार-पाच वर्षे तरी तिथेच राहणार, त्यामुळे चुकीची रेघ काढायची माझी तयारी नाही.

अडचण अशी आहे की मुलांनी जमवलेल्या कात्रणांतून तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात. एका बातमीत म्हटले आहे की २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये भारताचे उत्सर्जन ७.९३ टक्क्यांनी घटले. दुसरीत म्हटले आहे की २००५ पासून उत्सर्जन तीव्रता ३६ टक्क्यांनी कमी झाली. तिसरीत मात्र भारत जगातला तिसऱ्या क्रमांकाचा उत्सर्जक देश असून त्याचे उत्सर्जन वाढतच आहे, असे ठळक अक्षरांत छापले आहे. या तिन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील, हे मला मुलांना नीट सांगता आले नाही. त्यातच २०१९ या एकाच वर्षासाठी एका ठिकाणी ३१३.२ कोटी टन आणि दुसऱ्या ठिकाणी २६४.७ कोटी टन असे आकडे मिळाले. शेवटी एका मुलीने खडू हातात धरून विचारले, “मॅडम, रेघ वर न्यायची की खाली?” आणि मी तिला दोन दिवस थांबायला सांगितले.

सरकारने संयुक्त राष्ट्रांना वेळोवेळी सादर केलेल्या अहवालांत मला १९९४, २०००, २०१०, २०१४, २०१६, २०१९ आणि २०२० या वर्षांचे आकडे सापडले आहेत. हे बिंदू जोडून सरळ एक रेघ काढावी का, आणि दोनपैकी कोणता आकडा घ्यावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आकडेमोड

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने योग्य ठिकाणी हात थांबवला. मी अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे आणि ऊर्जेच्या आकडेवारीशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन आकड्यांचा उलगडा करू. ३१३.२ कोटी टन हा एकूण उत्सर्जनाचा आकडा आहे. त्यात इंधनाचे ज्वलन, कारखान्यांतील रासायनिक प्रक्रिया, शेती व पशुधन आणि सांडपाणी-कचरा यांतून हवेत गेलेल्या सर्व वायूंची बेरीज कार्बन डायऑक्साइडच्या मापात केलेली असते. २६४.७ कोटी टन हा निव्वळ आकडा आहे, म्हणजे त्या बेरजेतून जंगले, झाडे आणि जमीन यांनी शोषून घेतलेला कार्बन डायऑक्साइड वजा केलेला असतो. २०१९ साली ही वजाबाकी ४८.५ कोटी टनांची होती. दोन्ही आकडे अधिकृत आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. चूक होते ती एका वर्षाचा एकूण आणि दुसऱ्या वर्षाचा निव्वळ आकडा एकाच रेघेवर बसवल्यामुळे.

आता ती ७.९३ टक्क्यांची बातमी पाहा. २०२० चे निव्वळ उत्सर्जन २४३.७ कोटी टन होते. २६४.७ वरून २४३.७ म्हणजे २१ कोटी टनांची घट, आणि तिची टक्केवारी बरोबर ७.९३ येते. पण एकूण उत्सर्जन ३१३.२ वरून २९५.९ कोटी टनांवर आले, म्हणजे १७.३ कोटी टनांनी, सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटले. उरलेले ३.७ कोटी टन हे धुराड्यातून कमी निघालेले नाहीत, तर झाडांनी आणि जमिनीने अधिक शोषले, असा हिशोब मांडलेला आहे. बातमीत नुसता ‘उत्सर्जन’ असा शब्द आला आणि आकडा मात्र निव्वळचा आला. हे गणित मुलांकडूनच करवून घ्यावे, असे मला मनापासून वाटते, कारण वजाबाकी आणि टक्केवारी यांपलीकडे त्यात काहीही नाही.

माझे मत विचाराल तर भिंतीवर एकूण उत्सर्जनाची मालिका ठळक रंगात घ्यावी आणि निव्वळची फिकट रंगात. त्यामागचे कारण असे की शोषणाच्या आकड्यात अनिश्चितता फार असते. २०१६ मध्ये शोषण ३०.८ कोटी टन होते, २०१९ मध्ये ४८.५ आणि २०२० मध्ये ५२.२. म्हणजे तीन वर्षांत दीडपटीहून अधिक वाढ. याच काळात भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१७ आणि २०१९ च्या अहवालांमध्ये वनाच्छादनातील वाढ ३,९७६ चौरस किलोमीटर आहे, आणि देशाचे एकूण वनाच्छादन आहे सात लाख चौरस किलोमीटरहून जास्त. वाढ अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास आणि शोषण दीडपट, हे केवळ नवीन जंगलामुळे झाले असे म्हणता येणार नाही. कोणती जमीन कशी मोजली जाते, यातील फरक अशा आकड्यांत फार मोठा भाग व्यापतो. याउलट गंमत १९९४ ची पाहा. त्या वर्षी एकूण उत्सर्जन १२१.४ कोटी टन आणि निव्वळ १२२.९ कोटी टन होते. निव्वळ आकडा एकूणपेक्षा मोठा, कारण त्या हिशोबात जमीन आणि जंगले मिळून कार्बन शोषत नव्हती, थोडासा सोडत होती.

बिंदू जोडण्याबद्दल माझा सल्ला असा की ठळक बिंदू काढावेत आणि ते तुटक रेघेने जोडावेत. अधिकृत आकडे प्रत्येक वर्षाचे नाहीत. एकूण उत्सर्जन १९९४ मध्ये १२१.४, २००० मध्ये १५२.४, २०१० मध्ये २१३.७, २०१४ मध्ये २६०.७, २०१६ मध्ये २८३.९, २०१९ मध्ये ३१३.२ आणि २०२० मध्ये २९५.९ कोटी टन असे ते आहेत. मधल्या वर्षांत काय झाले हे या मालिकेतून दिसत नाही. विशेषतः संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या या आकड्यांत २००० आणि २०१० यांच्या मधला एकही बिंदू नाही, आणि तेव्हाच अर्थव्यवस्थेने वेग घेतला होता. शिवाय प्रत्येक अहवालागणिक मोजण्याची पद्धत सुधारत गेली आहे, म्हणून पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू एकाच फूटपट्टीने मोजले आहेत असे समजू नये.

२०२० चा बिंदू पोकळ वर्तुळाने दाखवावा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती, रेल्वे थांबली होती, कारखाने बंद होते, विजेची मागणी खाली आली होती. हा कल बदलल्याचा पुरावा नाही. निर्बंध उठले तसा कोळशाचा आणि डिझेलचा खप पुन्हा चढला. भिंतीवरचा शेवटचा बिंदू खाली गेलेला दिसला की पाहणाऱ्याच्या मनात ‘आता उतार लागला’ असेच ठसते, त्यामुळे त्या वर्तुळाशेजारी ‘टाळेबंदीचे वर्ष’ हे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत.

राहिला प्रश्न तीव्रतेचा. उत्सर्जन तीव्रता म्हणजे देशाच्या सकल उत्पादनातील दर रुपयामागे किती उत्सर्जन झाले ते. ती २००५ ते २०२० या काळात ३६ टक्क्यांनी घटली, म्हणजे पूर्वी ज्या कामाला १०० किलो उत्सर्जन होत असे त्याच कामाला आता ६४ किलो होते. पण काम किती वाढले? ते दीडपटीच्या थोडे वर गेले की बचत संपते आणि एकूण आकडा चढू लागतो. भारताचे सकल उत्पादन त्या पंधरा वर्षांत दुपटीहून अधिक झाले. म्हणून तीव्रता घटली हेही खरे आणि उत्सर्जन वाढले हेही खरे. भारताने २०१५ मध्ये जे वचन दिले ते २०३० पर्यंत तीव्रता ३३ ते ३५ टक्क्यांनी घटवण्याचे होते, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते ४५ टक्क्यांपर्यंत वाढवले. एकूण टनांत घट करण्याचे वचन २०३० साठी दिलेलेच नाही. निव्वळ शून्याचे वर्ष २०७० असे २०२१ च्या ग्लासगो परिषदेत जाहीर झाले. वचन कोणत्या मापात दिले आहे हे लक्षात घेतल्याशिवाय ते पाळले गेले की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या कात्रणाबद्दल एवढेच की ‘तिसरा क्रमांक’ हा देशाच्या बेरजेचा आहे. २०२० च्या एकूण आकड्याला त्या वेळच्या लोकसंख्येने भागले तर दरडोई सुमारे २.१ टन येतात, आणि १९९४ मध्ये ते १.३ टनांच्या आसपास होते.

इरईकाठ

मॅडम, वरील उत्तर उत्तम आहे. मी चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे फक्त विजेपुरते लिहितो. पण ते ‘फक्त’ लहान नाही. २०२० च्या अधिकृत हिशोबात एकूण उत्सर्जनापैकी ७५.६६ टक्के वाटा ऊर्जा क्षेत्राचा आहे आणि एकट्या वीजनिर्मितीचा वाटा सुमारे ३९ टक्के आहे. १९९४ मध्ये ऊर्जा क्षेत्राचे उत्सर्जन ७४.४ कोटी टन होते आणि २०२० मध्ये ते २२४ कोटी टनांच्या घरात गेले, म्हणजे तिप्पट झाले. तुमच्या भिंतीवरची रेघ वर का गेली, याचे उत्तर बहुतांशी इथेच आहे.

मुलांना हे घरच्या वीजबिलावरून दाखवता येईल. आपल्याकडच्या कोळशावरच्या संचातून एक युनिट वीज तयार होताना ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो. जलविद्युत, अणुऊर्जा, पवन आणि सौर धरून देशाच्या ग्रिडची सरासरी काढली की तो आकडा ०.७ किलोच्या थोडा वर येतो. घराचे बिल महिन्याला दीडशे युनिटांचे असेल, तर त्या घरापायी महिन्याला शंभर किलोहून अधिक, म्हणजे धान्याच्या एका मोठ्या पोत्याएवढा वायू हवेत गेला. तो डोळ्यांना दिसत नाही, कारण तो चंद्रपूरला, कोराडीला किंवा परळीला बाहेर पडतो आणि बटण सांगलीत दाबले जाते.

आपल्या कोळशात राखेचे प्रमाण फार असते, तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत. गिरणीत दळायला घातलेल्या दर शंभर किलो कोळशातील तीस-चाळीस किलो माल जळतच नाही. तो राख म्हणून बाहेर येतो. पण आणताना, दळताना आणि बाहेर काढताना त्यावर ऊर्जा खर्च होते. त्यामुळे त्याच कोळशातून किती कार्यक्षमतेने वीज काढता येते, याला फार महत्त्व आहे. आमच्याकडे २१० मेगावॉटचे सर्वांत जुने संच बंद झाले आणि ५०० मेगावॉटचे नवे संच आले, तेव्हा युनिटमागे लागणारा कोळसा कमी झालेला आम्ही रोजच्या नोंदवहीत पाहिला आहे. आकडेमोड यांनी सांगितलेली तीव्रतेतली घट अशा शेकडो ठिकाणच्या नोंदवह्यांतून जमा झालेली आहे. त्यातच एलईडी दिवे आले, पंख्यांच्या मोटारी सुधारल्या, आणि उद्योगांना ऊर्जा बचतीची लक्ष्ये ठरवून देणारी योजना २०१२ पासून लागू झाली.

एका बातमीपासून मात्र मुलांना सावध करा. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाशिवायची झाली, आणि हे २०३० चे लक्ष्य पाच वर्षे आधी गाठले गेले. ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. परंतु निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे. कोळशाचा एक मेगावॉट ७० टक्के भाराने दिवसभर चालला तर जवळजवळ सतरा हजार युनिटे देतो. सौर पॅनेलचा एक मेगावॉट चांगल्या उन्हातही दिवसाला साधारण चार ते पाच हजार युनिटे देतो, कारण रात्र आहे, ढग आहेत आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आहे. म्हणून प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा आजही सर्वांत मोठा आहे.

माझ्या शेवटच्या काही वर्षांत कंट्रोल रूममधील दिवसाचा आकारच बदलला. पूर्वी संच एकदा पूर्ण भारावर नेला की तो आठवडेच्या आठवडे तिथेच ठेवायचा, हीच शिकवण होती. पुढे सौरऊर्जा वाढली तसे दुपारी बारा-एकच्या सुमारास भार उतरवण्याचे निरोप येऊ लागले, आणि सूर्य कलला की तासा-दीड तासात पुन्हा चढवायचा. आता तर किमान ५५ टक्के भारापर्यंत उतरण्याची तयारी ठेवण्याचा नियमच २०२३ मध्ये झाला आहे. कमी भारावर बॉयलरची कार्यक्षमता घसरते आणि युनिटमागे कोळसा थोडा जास्त लागतो, तरीही एकूण कोळसा कमी जळतो, कारण दुपारची वीज उन्हातून येत असते. उत्सर्जनाच्या रेघेला वळण लागणार असेल तर ते आधी त्या दुपारच्या खळग्यात दिसेल, असे मला वाटते. संध्याकाळी सातच्या मागणीला अजूनही कोळसाच धावून येतो, आणि साठवणुकीची सोय पुरेशी झाल्याशिवाय त्यात बदल होणार नाही.

गोठा आणि गणित

मी पशुवैद्यक आहे आणि बरीच वर्षे दूध उत्पादकांबरोबर काम केले आहे. वीज आणि कोळसा यांच्या चर्चेत शेती नेहमी मागे राहते, म्हणून ही भर.

१९९४ मध्ये भारताच्या उत्सर्जनात शेती व पशुधनाचा वाटा २८ टक्के होता आणि २०२० मध्ये तो १३.७२ टक्के झाला. हे वाचून शेतीचे उत्सर्जन निम्मे झाले असे कुणाला वाटेल, पण तसे झालेले नाही. टनांत पाहिले तर ते सुमारे ३४ कोटींवरून ४० कोटींच्या थोडे वर गेले आहे. शेती जवळपास आहे तिथेच राहिली, शेजारी ऊर्जेचा डोंगर उभा राहिला आणि त्यामुळे शेतीचा वाटा लहान दिसू लागला. वर्तुळालेख काढताना हा धोका असतो. म्हणून भिंतीवर वर्तुळालेख असेल तर त्याखाली टनांचे आकडेही लिहावेत.

शेतीतील मोठा भाग रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील मिथेनचा आहे. कडबा आणि गवत पचवताना कोठीपोटातील सूक्ष्मजीव तो तयार करतात आणि तो मुख्यतः ढेकरावाटे तोंडातून बाहेर पडतो. राष्ट्रीय हिशोबात दुभत्या देशी गाईला वर्षाकाठी सुमारे २८ किलो, संकरित गाईला ४३ किलो आणि म्हशीला ५० किलो मिथेन धरलेला आहे. संकरित गाय देशी गाईपेक्षा जास्त मिथेन सोडते, पण दूध त्याहून कितीतरी जास्त देते, म्हणून लिटरमागे हिशोब केला की ती स्वस्त पडते. १९९४ मध्ये देशातील जनावरांच्या पोटातून सुमारे ९० लाख टन मिथेन बाहेर पडला आणि २००७ मध्ये १ कोटी १ लाख टन. याच काळात देशाचे दूध उत्पादन ६.४ कोटी टनांवरून १०.८ कोटी टनांवर गेले. दूध जवळजवळ सत्तर टक्क्यांनी वाढले आणि मिथेन बारा-तेरा टक्क्यांनी. वर ज्याला तीव्रता म्हटले आहे, ती गोठ्यात अशी दिसते.

आता एक उदाहरण देतो, जे मी शेतकऱ्यांनाही देत आलो आहे. एका गोठ्यात चार म्हशी आहेत. वर्षाला दोनशे किलो मिथेन झाला. २००७ च्या राष्ट्रीय हिशोबात एक किलो मिथेन म्हणजे २१ किलो कार्बन डायऑक्साइड असे धरले होते, त्यामुळे हा गोठा ४.२ टनांचा झाला. पॅरिस करारानंतरच्या नियमांत हाच गुणक २८ आहे, आणि त्यानुसार तोच गोठा ५.६ टनांचा होतो. एकही म्हैस वाढली नाही, वैरण बदलली नाही, पण कागदावर उत्सर्जन तेहतीस टक्क्यांनी वाढले. ज्या मालिकेतील वर्षे वेगवेगळ्या गुणकांनी मोजली आहेत ती शेजारी शेजारी ठेवताना मिथेनच्या बाबतीत हा फरक हमखास शिरतो. मॅडम, मुलांनी जे आकडे घेतले असतील त्यांत कोणता गुणक वापरला आहे हे अहवालाच्या सुरुवातीच्या तक्त्यांत दिलेले असते. ते एकदा तपासून भिंतीच्या कोपऱ्यात नमूद करावे.

चुलीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. लाकूड आणि गोवऱ्या जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड देशाच्या बेरजेत धरत नाहीत. तो निराळा नोंदवून ठेवतात, कारण झाड पुन्हा वाढून तो शोषून घेईल असे गृहीत असते. चुलीतील मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढे बेरजेत येतात. गॅस सिलिंडरमधील इंधन मात्र जीवाश्म असल्यामुळे त्याचा कार्बन डायऑक्साइड पूर्ण धरला जातो. याचा अर्थ असा की एखाद्या घरातील बाईची चुलीच्या धुरापासून सुटका झाली आणि तिथे गॅस आला, तर राष्ट्रीय बेरजेत त्या घराचा आकडा वाढलेला दिसू शकतो. ही वाढ वाईट आहे असे म्हणणाऱ्याने त्या स्वयंपाकघरात एक सकाळ बसून पाहावे. प्रत्येक टन सारखाच मोजला जातो, पण प्रत्येक टनामागची गरज सारखी नसते.

ट्रेंटकाठ

मी मूळचा नाशिकचा; एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी पाहत लहानाचा मोठा झालो. गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहतो. इथल्या ईस्ट मिडलंड्स पार्कवे स्थानकावर उतरले की समोरच रॅटक्लिफ-ऑन-सोअर या वीजकेंद्राचे आठ शीतकरण मनोरे दिसतात. कित्येक वर्षे त्यांतून वाफेचे ढग निघताना पाहिले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी ते केंद्र बंद झाले. ते ब्रिटनमधील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र होते. १८८२ मध्ये लंडनमध्ये कोळशावर सार्वजनिक वीजनिर्मिती सुरू झाली होती. १४२ वर्षांनी ती थांबली. दुसऱ्या दिवशी मी त्याच गाडीने कामावर गेलो आणि मनोऱ्यांच्या वरचे आकाश मोकळे होते.

ताईंच्या भिंतीवर तुलनेसाठी दुसरी रेघ घ्यायची असेल तर ब्रिटनची घेता येईल, कारण तिथे १९९० पासून सलग आकडे उपलब्ध आहेत आणि रेघ खाली जाते. देशांतर्गत उत्सर्जन आज १९९० च्या निम्म्याहूनही कमी आहे. १९९० च्या दशकात कोळशाऐवजी उत्तर समुद्रातील वायू आला, पुढे २००८ मध्ये हवामान बदल कायदा झाला, २०१३ पासून वीजनिर्मितीतील कार्बनवर किमान किंमत आकारली जाऊ लागली आणि समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये ब्रिटनची जवळजवळ चाळीस टक्के वीज कोळशातून येत होती, हे लक्षात घेतले तर बारा वर्षांत शून्यावर येण्याचा वेग केवढा आहे ते कळेल.

परंतु ही रेघ काढताना एक टीप अवश्य द्यावी. ती ब्रिटनच्या भूमीवर झालेल्या उत्सर्जनाची आहे. या काळात इथले अनेक कारखाने बंद झाले आणि पोलाद, कपडे, यंत्रे व घरगुती वस्तू बाहेरून येऊ लागल्या. त्या वस्तू बनवताना झालेले उत्सर्जन चीनच्या, भारताच्या किंवा आणखी कुणाच्या खात्यावर पडते. वापरलेल्या वस्तूंच्या हिशोबाने आकडा काढला तर ब्रिटनची रेघ तरीही उतरतेच, पण ती बरीच वरून उतरते. दरडोई उत्सर्जन आज इतके घटल्यावरही साडेपाच टनांच्या आसपास आहे, हेही विसरू नये. तेव्हा ‘त्यांनी केले, आपण का नाही’ असा अर्थ मुलांनी काढू नये. दोन्ही देश वेगवेगळ्या पायरीवर उभे आहेत.

कृष्णाकाठची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत मुलांना सगळी उत्तरे वाचून दाखवली. ७.९३ चे गणित फळ्यावर एका मुलाने केले आणि उत्तर जुळले तेव्हा वर्गात खरोखर टाळ्या पडल्या.

आता ठरले आहे ते असे. एकूण उत्सर्जनाचे बिंदू गडद निळ्या रंगात, निव्वळ आकड्यांचे फिकट हिरव्या रंगात, जोडणारी रेघ तुटक, आणि २०२० चे वर्तुळ पोकळ. २००० ते २०१० या मोकळ्या जागेत मुलांनी काहीही भरायचे नाही. बाजूला शेती व पशुधन आणि ऊर्जा यांचे १९९४ व २०२० चे स्तंभ टनांत. ब्रिटनची रेघ घेतली तर ती टिपेसह वेगळ्या चौकटीत. रेघ वर की खाली असे विचारणारी मुलगी आता म्हणते की निळी रेघ तिला वर न्यायची आहे, पण तीव्रतेची एक छोटी चौकट काढून तिथे उतरती रेघ काढण्याची परवानगी तिने मागितली आहे, आणि ती मी दिली आहे.

एक प्रश्न मात्र उरला आहे आणि तो आमच्या भागातला आहे. वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी ऊस आहे. साखर कारखान्यात बगॅस (रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा) जाळून वीज तयार होते, ती देशाच्या कोणत्या रकान्यात जाते? आणि तोडणीनंतर शेतात पेटवलेल्या पाचटाचे काय?

गोठा आणि गणित

चांगला प्रश्न आहे. बगॅस हे जैवइंधन असल्यामुळे चुलीतील लाकडाचाच नियम तिथे लागू होतो. त्याच्या ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड राष्ट्रीय बेरजेत येत नाही, स्वतंत्रपणे नोंदवला जातो. त्यातील मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र ऊर्जेच्या रकान्यात येतात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी उघड्या तळ्यात कुजले तर त्यातून निघणारा मिथेन कचरा आणि सांडपाण्याच्या रकान्यात जातो, आणि तोच मिथेन टाकी बांधून पकडला व जाळला तर कारखान्याचे इंधन वाचते.

पाचटाची नोंद शेतीत होते. पिकांचे अवशेष शेतात जाळणे हा तिथला स्वतंत्र घटक आहे आणि भारताच्या हिशोबात उसाचाही समावेश आहे. त्यातही मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड एवढेच धरतात, कारण पाचटातला कार्बन त्याच वर्षी उसाने हवेतून घेतलेला असतो. त्यामुळे राष्ट्रीय आकड्यात पाचटाचा वाटा लहान दिसतो. पण पाचट पेटवले की जमिनीत जाऊ शकणारा सेंद्रिय कर्बही जातो आणि वरून नत्र भरून काढायला युरियाची गोणी लागते. त्या युरियातून शेतात सुटणारा नायट्रस ऑक्साइड पुन्हा शेतीच्याच रकान्यात येऊन बसतो. ज्यांनी पाचट सरीत ठेवून खोडवा घेतला आहे अशा एक-दोन पालकांना वर्गात बोलवा आणि त्यांची गेल्या तीन वर्षांतील युरियाची गोणी-संख्या मुलांना लिहून घ्यायला सांगा.